माया सोडून कापा

अंक होता, त्यातला कागद नव्हता.

मावशीचं डोंबिवलीचं घर रंगवायला काढलं, म्हणून तिच्या लोखंडी कपाटातलं सामान आम्ही पलंगावर काढून ठेवत होतो. तळाच्या खणात जुन्या परकराच्या कापडात गुंडाळलेलं एक जर्मन मासिक निघालं. 'बुर्डा मोडेन', १९६८. मुखपृष्ठावर गुडघ्याच्या वरच थांबलेला केशरी कोट घातलेली बाई. कडा मऊ पडलेल्या, पिना गंजलेल्या आणि मधोमध, जिथे पिना असतात तिथे, फाडून काढलेल्या कागदाची बारीक किनार. मावशी आता त्र्याऐंशी वर्षांची आहे. तिने चष्मा लावला, अंक उलटसुलट केला आणि म्हणाली, "अगं, हा नुसता डबा आहे. आतला लाडू कुणीतरी खाल्लाय."

शिवणकाम न करणाऱ्यांना हा लाडू समजावून सांगायला हवा. बुर्डाच्या प्रत्येक अंकात एक मोठा घडीचा कागद येतो. अंकात दाखवलेल्या कपड्यांची कटिंग्ज त्या कागदावर एकावर एक छापलेली असतात. एक रेघ सलग, दुसरी तुटक, तिसरी टिंब-रेघ-टिंब. शिवाय रंग वेगवेगळे. लोकलचा, बेस्टचा आणि सांडपाण्याच्या गटारांचा नकाशा एकाच कागदावर छापला तर जे दिसेल ते. कडेला आकडे असतात. आपल्याला हवा तो आकडा शोधायचा, तिथून सरळ आत यायचं, आपली रेघ पकडायची आणि काहीही झालं तरी ती सोडायची नाही. खाली खाकी कागद, मध्ये कार्बन, वरून दातेरी फिरकी फिरवायची, की पॅटर्न तयार. एकच मेख आहे. बुर्डाच्या कागदावर माया धरलेली नसते. शिवणीसाठी जे जादा कापड सोडायचं ते आपलं आपणच चारही बाजूंनी सोडायचं. विसरलात तर कपडा तुमच्या धाकट्या बहिणीला होतो. मावशीच्या भाषेत, "ती जर्मन बाई सगळं देते, माया तेवढी देत नाही."

ती जर्मन बाई म्हणजे एने बुर्डा. ऑफेनबुर्ग नावाच्या गावात तिच्या नवऱ्याचा मोठा छपाईचा धंदा होता. त्याने आपल्या मैत्रिणीला फॅशनचं एक छोटं प्रकाशन काढून दिल्याचं बाईला कळलं. रडारड करत बसण्याऐवजी तिने ते प्रकाशनच ताब्यात घेतलं. जानेवारी १९५० मध्ये पहिला अंक निघाला, एक लाख प्रतींचा. १९५२ पासून आत पॅटर्न येऊ लागले. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशातल्या बायकांना पॅरिसचे कपडे परवडणार नव्हते, पण कापड आणि मशीन मिळालं तर त्या शिवू शकत होत्या, हे तिने ओळखलं. १९८७ मध्ये हे मासिक रशियन भाषेत सोव्हिएत संघातही पोहोचलं. शीतयुद्ध अजून संपलं नव्हतं, तेव्हा तिथल्या बायका जर्मन परकराचा घेर मोजत होत्या.

मावशी तेव्हा गिरगावातल्या चाळीत राहायची. तिथे हा अंक कसा आला? मावशी दादरला झारापकर पद्धतीने शिवण शिकली. के. आर. झारापकरांचं कटिंगचं पुस्तक तेव्हा शिकाऊ शिंप्यांच्या घरी देवाच्या पोथीसारखं असे. छातीच्या मापाला अमुकने भागा, त्यात तमुक मिळवा, आणि मुंढ्याची गोलाई काढा. मावशीला गणित येत होतं, पण तिला फ्रॉकला वेगळी कॉलर हवी होती. धोबीतलावच्या एका गोंयकार टेलरकडे ती काज-बटणांचं काम घ्यायची. त्याचा भाऊ बोटीवर होता. धोबीतलावच्या आसपास गोव्याच्या गावागावांचे क्लब होते, ज्यांना कूड म्हणत. बोटीवर चढण्याआधी आणि उतरल्यावर दर्यावर्दी तिथे मुक्काम करत. त्यांच्या ट्रंकांतून साबण, चॉकलेट आणि बायकोने चिठ्ठीत लिहून दिलेली मासिकं यायची. टेलरने वापरून झालेला अंक मावशीला दिला. वापरून झालेला म्हणजे लाडू खाऊन झालेला. तिने तरी तो सत्तावन्न वर्षं सांभाळला.

तो कागद मुंबईत कुठे मिळेल, एवढ्याच प्रश्नावर मी घराबाहेर पडले. त्यात वर्ष गेलं. हौसेने आणि थोड्या वेडाने केलेल्या या पायपिटीत कळलं की या शहरात वेगळी फॅशन मासिकं मिळतात, भरपूर मिळतात. फक्त ती मासिकांच्या दुकानात मिळत नाहीत.

मासिकांची दुकानं तरी कुठे उरली आहेत? लोकलच्या फलाटांवरच्या व्हीलरच्या गाड्यांवर पूर्वी डोळ्यांच्या उंचीवर 'फेमिना' असायचा, गुडघ्याच्या उंचीवर मराठी साप्ताहिकं. आता त्याच फळ्यांवर पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्स आहेत. 'फेमिना' १९५९ मध्ये सुरू झाला. परदेशी नावाचं फॅशन मासिक भारतात छापून येण्यासाठी मात्र १९९६ उजाडावं लागलं, तेव्हा 'एल' आलं. 'व्होग' तर २००७ मध्ये. म्हणजे त्याआधी ज्या मुंबईकर मुलीने 'व्होग' पाहिला, तिने तो आणलेला पाहिला, भाड्याने घेतलेला पाहिला किंवा रद्दीतला पाहिला. भाड्याने देणाऱ्या लायब्रऱ्या हा दक्षिण मुंबईतला एक मोठा उद्योग होता. आज चित्रपटांच्या धंद्यात असलेल्या शेमारूची सुरुवात १९६२ मध्ये अशाच पुस्तकं फिरवणाऱ्या लायब्ररीने झाली, हे आजच्या किती जणांना माहीत असेल?

म्हणून सुरुवात रद्दीपासून.

रद्दीवाल्याच्या तराजूचं एक शास्त्र आहे. वर्तमानपत्राचा भाव वेगळा, पुठ्ठ्याचा वेगळा, मासिकांचा वेगळा, आणि मासिकांचा बहुधा कमी. आपल्याला वाटतं चकचकीत कागद महाग. छापणाऱ्याला महाग असतो, विकणाऱ्याला नाही. त्या चकाकीत चिनी मातीचा थर असतो. वजन भरतं, पण पुड्या बांधायला कागद निकामी, कारण तो घडी धरत नाही आणि तेल शोषत नाही. त्यामुळे रद्दीवाला फॅशन मासिकं वेगळी काढतो. कागद म्हणून त्यांची किंमत नाही, मासिक म्हणून थोडी आहे. हे वेगळे काढलेले गठ्ठे जिथे असतात, तिथे खरा माल. आमच्या भागातल्या रद्दीवाल्याने मला पहिल्यांदा विचारलं, "ताई, शाळेच्या प्रोजेक्टला हवंय का?" चित्रं कापायला येणारी मुलं हे त्याचं मोठं गिऱ्हाईक. मी जर्मन मासिक म्हटल्यावर तो गंभीर झाला आणि म्हणाला, "भाषा बघून आम्ही काढत नाही. फोटो बघून काढतो."

त्याच्याकडे मला कागद मिळाला नाही, पण अर्धवट कापलेला एक इटालियन अंक मिळाला. प्रत्येक पानावर चौकोनी खिडक्या. कुणा मुलाने चपला, घड्याळं, कुत्री कापून नेली होती आणि बायका सोडून दिल्या होत्या.

रद्दीचा दुसरा झरा समुद्रापलीकडून येतो. आपल्या कागद गिरण्या लगद्यासाठी परदेशातून जुना कागद कंटेनर भरभरून आणतात. त्यात न खपलेली मासिकंही असतात. गिरणीत पोहोचण्याआधी किंवा पोहोचल्यावर कुणाची तरी नजर पडते आणि ओंजळभर माल बाजूला निघतो. फूटपाथवर जुन्या अमेरिकी मासिकाचं मुखपृष्ठ अर्धं फाटलेलं दिसलं, तर ते वाचकाने फाडलेलं असेलच असं नाही. न खपलेल्या अंकाचे पैसे परत मिळवण्यासाठी तिकडचा विक्रेता नुसतं मुखपृष्ठ फाडून वितरकाकडे धाडत असे आणि अंक लगद्यात. म्हणजे कायद्याने मेलेला अंक इकडे येऊन जिवंत होतो.

असे जिवंत झालेले अंक बघायचे तर हुतात्मा चौक. सेंट्रल टेलिग्राफ ऑफिसच्या बाजूने चर्चगेटकडे निघालं, की पुस्तकांच्या थप्प्या सुरू होतात. एके काळी त्या खूप लांबवर होत्या. दोन दशकांपूर्वी पालिकेने बरेच ठेले उठवले. जे उरले ते भिंतीला पाठ लावून उरले. ज्या ऑफिसच्या सावलीत ते बसतात तिथली तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली, पुस्तकवाले मात्र आहेत. इथे मागणी स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांना आणि नकली छापलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांना. फॅशनचा विषय काढल्यावर विक्रेता थेट उत्तर देत नाही. आधी तुम्ही कोण ते ठरवतो. कॉलेजची मुलगी असेल तर गेल्या वर्षीचा 'हार्पर्स बझार'. सिनेमावाल्यांकडच्या कपडेपटातली असेल तर सत्तरच्या दशकातलं काहीतरी, आणि भाव दुप्पट. माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून त्याने भरतकामाची पुस्तकं काढली.

तीन-चार फेऱ्यांनंतर त्याने प्लास्टिकमध्ये बंद केलेली एक थप्पी खाली उतरवली. त्यात 'मार्ग' होतं. मुल्कराज आनंदांनी १९४६ मध्ये मुंबईत सुरू केलेलं हे कलेचं नियतकालिक. त्यात भारतीय वस्त्रांवर जे छापून आलं, ते आजही कापडाचा अभ्यास करणाऱ्यांना टाळता येत नाही. ते कुणी फॅशन मासिक म्हणून विकत नाही, म्हणूनच स्वस्त मिळतं. आणि त्याच थप्पीत, कसं कोण जाणे, 'फ्रूट्स'चा एक अंक. टोकियोच्या हाराजुकू भागात रस्त्यावर भेटणाऱ्या मुलामुलींचे फोटो काढणारं हे मासिक शोइची आओकीने १९९७ मध्ये सुरू केलं आणि २०१७ मध्ये बंद केलं. पानभर एक फोटो. मॉडेल नाही, लेख नाही, स्टुडिओ नाही. कुणी किमोनोच्या पट्ट्यावर प्लास्टिकची खेळणी लावलेली, कुणी शाळेच्या गणवेशावर आजीचा स्वेटर. बंद करताना आओकीने दिलेलं कारण मला फार आवडतं: आता फोटो काढावेत अशी मुलंच रस्त्यावर दिसत नाहीत. मासिक चालवावं तर असं. विषय संपला की दुकान बंद.

मी तो घेतला. किंमत सांगणार नाही, घरी वाचतात.

तिथून धोबीतलाव पायी पंधरा मिनिटं. मावशीच्या टेलरचं दुकान आता नाही. तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. पण गाऊन शिवणारे टेलर अजून आहेत, इथे थोडे, वांद्र्याला जास्त. लग्नाचा पांढरा गाऊन हे फार अवघड काम. त्याला उरेब कापड लागतं, आतून तीन-तीन अस्तरं लागतात आणि नवरी लग्नाआधी महिनाभर वजन बदलत राहते. वांद्र्याच्या एका गल्लीत एका वयस्क टेलरने मला त्यांचा खजिना दाखवला. लोखंडी पेटीत परदेशी ब्रायडल मासिकं, पानांच्या कडांवर कोकणीत आणि इंग्रजीत टिपा. कुठल्या पानावरची बाही, कुठल्या पानावरचा गळा, कुठली नवरी, कुठलं चर्च. मी विचारलं, बुर्डाचे कागद?

"ते कागद कोण ठेवतं बाय? कापून वापरले. फिरकी मारत बसायला वेळ कुणाला होता?"

म्हणजे त्यांनी मूळ कागदच कातरला होता. एका कपड्यासाठी बाकी अकरा कपडे कापले गेले. मी हळहळले, त्यांना त्यात काहीच वाटलं नाही. गोव्याच्या पोशाखाचा इतिहास वेंडेल रॉड्रिक्सनी 'मोडा गोवा' या २०१२ च्या ग्रंथात मांडला. त्या इतिहासाची कच्ची पानं मात्र या अशा पेट्यांत आहेत, आणि पेटीचा मालक ती पानं इतिहास म्हणून नव्हे, तर पुढच्या शनिवारच्या लग्नासाठी उघडतो.

एव्हाना कागदाचा शोध थोडा बाजूला पडला होता आणि एक वेगळीच ओढ लागली होती. तिला कारण भानू अथैया.

म्हणजे मूळची कोल्हापूरची भानुमती राजोपाध्ये. १९२९ चा जन्म, जे. जे. मध्ये शिकलेली, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या १९५३ च्या प्रदर्शनात चित्रं लावलेली. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये ऑस्कर घेणारी पहिली भारतीय, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याआधी ती मुंबईत मासिकांसाठी फॅशनची रेखाचित्रं काढत होती, हे फारसं कुणी सांगत नाही. आधी 'फॅशन अँड ब्यूटी', मग 'ईव्हज वीकली'. 'ईव्हज वीकली'च्या संपादिकेने बुटिक काढलं, तेव्हा चित्रांतले कपडे प्रत्यक्ष शिवायला भानूला सांगितलं. ते कपडे बघून सिनेमातल्या बायका आल्या, आणि १९५६ च्या 'सी.आय.डी.'पासून पुढचं सगळं घडलं. म्हणजे भारताच्या पहिल्या ऑस्करचा धागा ओढत मागे गेलं तर तो एका मुंबईच्या साप्ताहिकाच्या पानापर्यंत जातो. ते पान कुठे आहे?

ग्रंथालयात असेल, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं.

आपल्याकडे १९५४ चा एक कायदा आहे. देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना द्यायची. त्यांतलं एक मुंबईत, टाउन हॉलमध्ये. १९५६ च्या दुरुस्तीने यात वर्तमानपत्रं आणि नियतकालिकंही आली. भानूची मासिकांमधली चित्रं पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीची. कायदा उशिरा आला, ती पुढे निघून गेली होती.

पण कायद्याच्या जाळ्यात सापडलेल्या अंकांचीही गंमत असते. ग्रंथालयात मासिकं बांधणीला जातात. बाइंडर काय करतो? बारा अंक एकत्र शिवताना जाडी वाढते, म्हणून मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकतो. मजकूर तेवढा राहतो. संपादकीयं, कथा, आरोग्याचा सल्ला, सगळं शाबूत. आणि ज्यासाठी मी आले होते ते, म्हणजे कपडे, बाहेर. लक्सच्या जाहिरातीतल्या नटीचा ब्लाऊज कसा होता, हे बाइंडरच्या लेखी मजकुरात मोडत नव्हतं. एका ग्रंथालयात मिळालेल्या खंडात तर पानोपानी ब्लेडने कापलेल्या सरळ कडा होत्या. कर्मचारी बाई खजील झाल्या आणि म्हणाल्या, "विणकामाचे नमुने असायचे ना. लोक घरी घेऊन गेले." मला राग यायला हवा होता. पण मावशीच्या कपाटातल्या अंकाची फाटकी किनार आठवली आणि मी गप्प बसले.

अभ्यास करायचा असेल तर दोन जागा सांगून ठेवते. एसएनडीटी विद्यापीठाच्या जुहूच्या आवारात गृहविज्ञान महाविद्यालय आहे, तिथे वस्त्रशास्त्र शिकवलं जातं, आणि खारघरला निफ्ट ही फॅशन शिकवणारी संस्था. अशा ठिकाणच्या ग्रंथालयांत बाहेरच्या माणसाने आधी पत्र पाठवून विचारावं. धंद्यातले लोक जी मासिकं वाचतात ती शिक्षणसंस्थांखेरीज सहसा कुठे बघायला मिळत नाहीत: अॅमस्टरडॅमचं 'टेक्स्टाईल व्ह्यू', किंवा येत्या दोन वर्षांचे रंग आत्ताच सांगणारे अंदाजग्रंथ, ज्यांच्यात सुताचे आणि कापडाचे तुकडे चिकटवलेले असतात. पंचांगासारखा प्रकार, फक्त यात ग्रहांऐवजी रंग, आणि दक्षिणा फार मोठी.

दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ चं. तिथे मी 'स्त्री' मागायला गेले. शंकरराव किर्लोस्करांनी १९३० मध्ये सुरू केलेलं हे मासिक फॅशनचं नव्हे, सुधारणेचं. पण सुधारणा बाईच्या अंगावरही दिसतेच. लेख सोडून मी नुसते कपडे वाचत गेले. पोलक्याचं झंपर होतं, झंपराचा ब्लाऊज होतो. नऊवारीची पाचवारी होते, त्यावर पत्रव्यवहार होतो, सासवा दुखावतात. फुग्याच्या बाह्या येतात आणि जातात. मागे बांधलेले अंबाडे सुटून वेण्या होतात. कुणी मुद्दाम नोंद ठेवली नाही, पण प्रत्येक चित्रकाराला बाईला काहीतरी घालायला द्यावंच लागतं.

आणि इथे मला आपल्याच एका जुन्या आंधळेपणाची लाज वाटली. वेगळी फॅशन मासिकं शोधत मी हुतात्मा चौकात हेलपाटे घालत होते, आणि मराठीत दरवर्षी एक फॅशन मासिक निघतच होतं. त्याला आपण दिवाळी अंक म्हणतो. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मुखपृष्ठावर बहुधा एक बाई आहे. दीनानाथ दलालांनी 'दीपावली'साठी काढलेल्या बायका बघा, किंवा रघुवीर मुळगांवकरांच्या. साडीच्या काठाची रुंदी, ब्लाऊजच्या बाहीची उंची, खांद्यावरून पदर किती मोकळा सोडायचा, ओठ रंगवायचे की नाहीत, हे सगळं तिथे आहे. समीक्षकांनी त्या बायकांना गुळगुळीत म्हणून नाकं मुरडली. ठीक आहे. पण मावशी सांगते की त्या मुखपृष्ठावर बोट ठेवून बायका तिला म्हणायच्या, "अस्सा गळा हवा." आत छापलेल्या थोरामोठ्यांच्या कथांवर बोट ठेवून कुणी काही मागितल्याचं तिला आठवत नाही. एखाद्या रविवारी दादरच्या फूटपाथवर किंवा जुन्या पुस्तकांच्या प्रदर्शनात असे अंक मिळतात. आतली पानं वाळवीने खाल्लेली असली तरी मुखपृष्ठ बघून घ्या. उलट व्यवहार बहुतेक जण करतात.

हाच धागा धरून मी मंगलदास मार्केटला गेले. आजच्या मुंबईत सर्वांत जास्त बायका बघतात ते फॅशन प्रकाशन कुठलं? ना 'व्होग', ना 'फेमिना'. सुरतेहून येणारा कॅटलॉग. साड्यांच्या किंवा ड्रेस मटेरियलच्या एकेका मालिकेचं जाड, गुळगुळीत पुस्तक. प्रत्येक पानावर एक मॉडेल, एक डिझाईन नंबर, मागे धबधबा किंवा युरोपातला पूल. दुकानदाराला त्या मालिकेचा पूर्ण सेट उचलावा लागतो, नावडते रंगसुद्धा. कॅटलॉग विकत मिळत नाही, मालाबरोबर येतो. हंगाम संपला की दुकानदार तो ओळखीच्या लेडीज टेलरला देतो. टेलरच्या बाकड्यावर तो वर्षभर पडतो, चहाचे डाग घेतो, आणि बायका पानं उलटतात: "कापड माझं, पण बाही ही." शेजारीच ब्लाऊजच्या गळ्यांचं पुस्तक, नंबरवार. मागचा गळा सतरा, पुढचा चार, बाहीला लेस. प्रकाशनाचं वर्ष नाही, चित्रकाराचं नाव नाही. हे जमा करणारं एकही ग्रंथालय मला दिसलं नाही. मी एका व्यापाऱ्याकडे जुने कॅटलॉग मागितले तर त्याला वाटलं मला जुना माल हवाय, आणि त्याने मनापासून समजावलं, "बेन, ये डिझाईन अब नहीं चलता." आता छापील कॅटलॉगही कमी होत चालले, फोटोच फोनवर येतात. दहा-पंधरा वर्षांनी कुणाला २०१० च्या मुंबईत बायका काय घालत होत्या हे बघायचं असेल, तर ही पुस्तकं सोन्याच्या भावाने शोधावी लागतील. माझ्याकडे सात आहेत.

नव्या पिढीचं म्हणाल तर तीही आहेच. बॉम्बे झीन फेस्टसारख्या जागी मुलं स्वतः लिहून, झेरॉक्स काढून, पिना मारून आणलेल्या पुस्तिका विकतात. त्यांत कपड्यांवरच्याही असतात. मला तिथलं चित्रांपेक्षा वातावरण आवडलं: विकणारी मुलगी आपली पुस्तिका आधी मलाच वाचून दाखवत होती. फोर्टातल्या चांगल्या पुस्तकांच्या दुकानांत कधीमधी परदेशातली स्वतंत्र मासिकं येतात. लंडनचं, कापडाला वाहिलेलं 'सेल्व्हेज' मी तसंच पाहिलं. महाग आहे. उभ्याने वाचावं.

कागद अखेर मिळाला तो माटुंग्याला, किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर, जिथे मी मासिक शोधत नव्हतेच. भाच्याला इंजिनियरिंगचं पुस्तक हवं होतं. थप्पीत एक विणकामाचं इंग्रजी पुस्तक दिसलं, सवयीने उघडलं, आणि आतून घडी घातलेला, पिवळा पडलेला मोठा कागद निसटला. लाल, काळ्या, हिरव्या रेघांचं जाळं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत बुर्डा, आणि साल १९७१. माझा अंक १९६८ चा. विक्रेत्याने खांदे उडवले. "पुस्तक घ्या. कागद फुकट."

त्या रविवारी डोंबिवलीला गेले. अंक होता आणि कागदही होता, फक्त एकमेकांचे नव्हते. चित्राशिवाय नुसत्या रेघांवरून तो कपडा काय आहे हे कसं कळणार, अशी माझी शंका. मावशीने उत्तर दिलं नाही. तिने जमिनीवर चटई टाकायला लावली, कागद पसरला, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि बोट एका काळ्या तुटक रेघेवर ठेवून सरकवायला लागली. कुठे रेघांचा गुंता आला की थांबायची, बोट न उचलता चष्मा वर करायची, पुन्हा पुढे.

"दोन तुकड्यांची बाही," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "ही कॉलर. मोठी आहे. आणि मुंढा बघ केवढा खोल ठेवलाय मेलीने, आत स्वेटर घालायचा असणार." बोट खाली घेरापर्यंत गेलं. "कोट आहे हा. लोकरीचा. थंडीतला."

"डोंबिवलीत कुणाला शिवणार?"

"ते नंतर बघू. कपाटावर खाकी कागदाची गुंडाळी आहे, ती काढ. आणि माया दीड इंच सोड हं, तुझ्या अंगाला लागेल."

ऑक्टोबर होता, अंगातून धारा लागल्या होत्या. कागदाचे कोपरे वाट्यांखालूनही फडफडत होते. मावशीने पंखा बंद करायला सांगितला.